बोटीच्या तळाशी गोडे पाणी

संपादकांनी हा लेख दसऱ्यापूर्वी मागितला होता. दसरा झाल्याशिवाय देता येणार नाही, असे मी कळवले. त्यांनी कारण विचारले. कारण लेखाच्या शेवटी येईल, असे उत्तर मी दिले. त्यावर त्यांचे पत्र आले नाही. बहुधा चिडले असावेत. उशिराबद्दल मी दिलगीर आहे. कारणाबद्दल नाही.

मी पुलगावचा. वडील कापडाच्या गिरणीत होते. तिथल्याच बॉयलरखान्यात मी नळीला आटे पाडायला शिकलो. पुढची तीस-बत्तीस वर्षे मुंबईच्या गोदीत बोटींवर गेली. काम एकच : गोड्या पाण्याच्या नळ्या बसवणे आणि त्यांची गळती शोधणे. आमच्याकडे हे समजावून सांगणे सोपे नव्हते. सुट्टीत गावी आलो आणि एखाद्या लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा हटकून विचारी, "काका, तुमी तिकडं का करता?"

"बोटीतली गळती काढतो."

"म्हंजे बोटीले भोक पडलं का बुजवता?"

"नाही. ते काम दुसऱ्यांचे."

"मंग तुमचं काम कायचं?"

बाहेरचे पाणी आत आले तर बोट बुडते. आतले पाणी सांडले तर बोटीवरची माणसे भांडतात. माझा धंदा या दुसऱ्या प्रकारातला. एवढे सांगेपर्यंत वाढपी बुंदी घेऊन पुढे येई आणि विचारणाऱ्याचे कुतूहल संपे.

या लेखाच्या वाचकांसमोर बुंदी नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बोटीवर विहीर नसते. किनाऱ्यावर टाकी भरून घ्यायची आणि तेवढ्या पाण्यात भागवायचे. टाकीपासून पंप, पंपापासून नळ्या, नळ्यांच्या टोकाला तोट्या. पंपाला एक लहानसा स्विच असतो. तोटी उघडली की नळीतला दाब उतरतो आणि पंप चालू होतो. तोटी बंद केली की दाब चढतो आणि पंप थांबतो. म्हणून सर्व तोट्या बंद असताना पंप आपण होऊन चालू झाला, तर बोटीवर कुठेतरी एक न दिसणारी तोटी उघडी आहे असे समजावे. तिलाच गळती म्हणतात. ती डोळ्यांनी सापडत नाही, कारण नळ्या फळ्यांच्या मागून जातात. पाणी जिथे दिसते तिथे ते गळतही नसते. नळीच्या पोटाला धरून ते दहा हात चालत जाते आणि सोयीची जागा पाहून ठिबकते. तिथे फडके बांधणारे लोक मी आयुष्यभर पाहिले.

शेवटी सगळे पाणी बोटीच्या तळाशी जमते. त्या खोलगट जागेला आम्ही बिल्ज म्हणतो. बिल्जमधल्या पाण्यात अंगठा बुडवायचा आणि जिभेला लावायचा, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. खारट लागले तर बोटीला भोक आहे. तुमची पेटी उचला आणि घरी जा. गोडे लागले तर पेटी उघडा. नव्या माणसाला हे किळसवाणे वाटते. चवीवर पोट भरणारे इतर लोकही आहेत, असे मी त्याला सांगत असे.

दुसरा धडा कागदाचा. नळी कुठून कुठे गेली याचा नकाशा काढून ठेवायचा. आणि नळीची वाट बदलली, तर चहा घेण्याआधी नकाशा बदलायचा. या एका गोष्टीवरून मी हाताखालच्या माणसांना जेवढे बोललो आहे, तेवढे घरच्यांनाही बोललो नसेन.

गिऱ्हाइकांचे किस्से पुष्कळ आहेत. एका हौशी मालकाच्या आईने टाकीच्या सांध्याला कणीक थापली होती. गळती थांबली नाही; मुंग्या लागल्या. मालकाने मला मुंग्यांसाठी बोलावले नव्हते, पण मी मुंग्यांच्याच मागे गेलो. कणकेखालचा सांधा धड होता. मुंग्यांची दुसरी रांग मात्र थेट फळीमागे जात होती. तिथे दुसऱ्या सांध्याला आणखी एक गोळा थापलेला होता. तो आजीबाई विसरल्या होत्या. खरी गळती त्या गोळ्याखाली होती. मी मुंग्यांचे आभार मानले. आजीबाईंचे मानले नाहीत, म्हणून त्या रुसल्या.

सगळ्याच गोष्टी अशा नाहीत. एका मालवाहू लाँचवर सकाळी भरलेली टाकी दुपारीच संपू लागली. त्या लाँचचा तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख, कडक होता. त्याने ठरवले की स्वयंपाकी पाण्याची नासाडी करतो. मला बोलावले तेव्हा मी प्रथम स्वयंपाकघरातले सांधे उघडले, कारण तांडेलाने तिकडे बोट दाखवले होते. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी पाणी तापवायच्या टाकीचा व्हॉल्व्ह सापडला. त्यातून बारीक धार थेट बाहेर समुद्रात जात होती. मी तांडेलाला तो दाखवला. तो म्हणाला, "ठीक आहे." स्वयंपाकी आदल्या दिवशीच सामान बांधून उतरला होता. त्याचा पत्ता कोणाकडे नव्हता. लोक मला विचारतात, गळती शोधायची एवढी घाई कशासाठी. त्याचे उत्तर मी सहसा देत नाही.

निवृत्त होऊन पुलगावला परतलो तेव्हा हे ज्ञान आता कोणाच्या उपयोगाचे नाही, असे मी धरून चाललो होतो. तसे झाले नाही.

आष्टीला मोहनशेठ म्हणून एक व्यापारी आहेत. वडिलोपार्जित किराण्याचे दुकान, वर थोडी शेती. आष्टी तालुक्यात धरणाचे पाणी पसरले आहे. त्या पाण्यावर पाहुण्यांसाठी तरंगते घर असावे, असे मोहनशेठच्या मनाने घेतले. दोन खोल्या, मधे बैठक, मागे स्वयंपाकघर, त्याच्यामागे इंजिन. बोट तयार झाली, तेव्हा तिच्या नळ्या बसवायला अवघ्या जिल्ह्यात माणूस सापडेना. कोणीतरी माझे नाव सांगितले. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात मी ते काम केले. खाऱ्या पाण्याचा त्रास नाही, गंज नाही. सोपे काम, असे मी समजलो. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो.

बोटीवर दोन माणसे कामाला. बोट चालवणारा देविदास : धरणाच्या काठच्या भोई कुटुंबातला, चाळिशीचा, कमी बोलणारा. पाण्याखाली गेलेली जुनी गावे, त्यांचे बांध, झाडांचे बुंधे हे सगळे त्याला वरून सांगता येते. दुसऱ्या कांताबाई. माहेर वडनेरचे. स्वयंपाक त्यांच्याकडे आणि बोलणेही त्यांच्याकडे.

दिवाळीनंतर मोहनशेठचा फोन आला.

"काका, बोटीच्या तळात पाणी येऊन राह्यलं."

"किती?"

"फेरी मारून आलो का दीड बादली. उभी असली का थेंब नाई."

"नळ्यांचे पाणी उभ्या बोटीतही गळते," मी म्हणालो. "फेरीतच येत असेल तर ते तळाचे असणार."

"मलेही तसंच वाटते. उन्हाळ्यात देविदासनं बोट बुंध्यावर घातली होती, कोरी बोट, नळ बसवाच्या आधी. तेव्हापासून तिले ओरखडा आहे. आता तिथूनच उघडली असन. बोट बाहेर काढा लागन, पूर्ण हंगाम जाईन. अन् काका, खरं सांगतो, मंग मी त्याले ठेवत नाई. भंडाऱ्याकडचा एक माणूस आहे, तो यायले तयार आहे."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. फोनवर मत देण्याची घाई मी केली होती, हे गाडीत बसल्यावर लक्षात आले. लाँचवरचा स्वयंपाकीही आठवला.

धक्क्यावर देविदास उभा होता. त्याने माझी पेटी घेतली. चार पावले गेल्यावर म्हणाला, "काका, तो बुंधा नुसता घासला होता. मी खाली बुडी मारून पाह्यलं. लाकूड कुठं खोल नाई गेलं."

"बघू."

"माह्या बापानंही याच पाण्यावर डोंगा चालवला. बोट फोडली असं नाव माह्यावर पडलं, त मले या काठावर कोणी डोंग्यातही बसवणार नाई."

मी पुढे चालू लागलो. अशा वेळी दिलेला धीर खोटा ठरला तर तो परत घेता येत नाही.

आधी बिल्ज फडक्याने कोरडा केला. मग सर्व तोट्या बंद केल्या, पंप चालू केला, दाब चढू दिला आणि पंपाजवळ स्टुलावर बसलो. अर्धा तास. पंप एकदाही जागा झाला नाही. म्हणजे नळ्या धड होत्या. माझेच काम असल्यामुळे मला बरे वाटले. आणि देविदास समोर असल्यामुळे बरे वाटले नाही.

त्या दिवशी नागपूरची दोन कुटुंबे पाहुणी होती. बोट फेरीला गेली, संध्याकाळी परतली. इंजिन, मुलांचा धुडगूस आणि बैठकीतली गाणी यांत पंपाचा आवाज ऐकणे शक्य नव्हते. मी तळाची फळी उचलली. पाणी होते. दीड बादली, शेठ म्हणाले होते तेवढेच.

मी अंगठा बुडवला आणि जिभेला लावला. गोडे. समाधानाने मान वर केली, आणि त्याच क्षणी चूक कळली. धरणाचे पाणीही गोडेच. समुद्रावर तीस वर्षे उपयोगी पडलेली जीभ आष्टी तालुक्यात कुचकामी होती.

मोहनशेठ वाकून पाहत होते. "काय निघालं, काका? चवीवरून?"

"काही नाही."

"काहीच नाई?"

"पाणी आहे."

कांताबाई मागे भांडी आवरत होत्या. त्यांनी विचारले, "म्हातारबुवा, तुमाले इतकंच पाह्याचं आहे का, का हे पाणी टाकीतलं आहे का धरणातलं?"

"इतकेच."

"मंग जिभेले कायले तरास देता? साबण द्या त्याले."

टाकीत बोअरचे पाणी भरले जात असे. पाहुण्यांना शुद्ध पाणी मिळावे म्हणून शेठने काठावर बोअर खणली होती आणि तशी पाटीही लावली होती. बोअरचे पाणी जड, त्यात साबणाला फेस येत नाही, नुसत्या गुठळ्या होतात. धरणाचे पाणी हलके. कांताबाईंनी तीन पेले मांडले : एकात टाकीचे, एकात धरणाचे, एकात बिल्जमधले फडक्यातून गाळलेले. तिन्हींत धुण्याच्या साबणाचा कीस टाकला आणि चमच्याने ढवळले. धरणाच्या पेल्यात फेस वर आला. टाकीच्या पेल्यात गुठळ्या झाल्या. बिल्जच्या पेल्यातही गुठळ्या झाल्या.

"पाहा," कांताबाई म्हणाल्या. "बोअरचं."

मोहनशेठ चकित झाले. "तुले हे कसं मालूम?"

"बोअरच्या पाण्यात दाळ शिजत नाई शेठ. दोन घंटे ठेवा, दाणा उभाच. म्हणून मी दाळीले धरणाचंच पाणी घेतो. गाळून, उकळून."

"म्हंजे पाहुणे धरणाचं पाणी पिऊन राह्यले?"

"पिऊन नाई, दाळ खाऊन राह्यले. अन् दाळीची तारीफ तुमीच सगळ्याइले सांगता ना."

शेठने पाटीकडे पाहिले आणि विषय सोडला.

मी त्या वेळी कांताबाईंना चांगले म्हटले नाही. म्हणायला हवे होते. आजवर एकाही बोटीवर मला न सुचलेली युक्ती त्यांनी तीन पेल्यांत करून दाखवली होती. देविदास दाराशी उभा राहून पेल्यांकडे बघत होता. तो हसला नाही, पण त्याने खांद्यावरचा दुपट्टा काढून पुन्हा नीट टाकला.

बोटीचा तळ निर्दोष ठरला. पण आता कोडे माझ्या अंगावर आले. पाणी टाकीतले, म्हणजे गळती माझ्या नळ्यांत; आणि माझ्या नळ्या अर्धा तास दाब धरून गप्प बसल्या होत्या. धक्क्यावर गळत नाही आणि फेरीत गळते, अशी ही जागा कुठली?

मोहनशेठ मात्र अजून मोकळे झाले नव्हते. "बोट बुंध्यावर आदळली तेव्हा आतली एखादी पट्टी ढिली झाली असन. आता तुमची नळी हालून राह्यली. म्हंजे फिरून देविदासच."

असे होऊ शकते. मी तसे प्रामाणिकपणे सांगितले. देविदासने दुपट्टा पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे नव्हते. आम्ही चौघेच निघालो. धरणाच्या मध्यावर गेल्यावर मी देविदासला इंजिन बंद करायला सांगितले. प्रथम त्याला बोट डावीकडे-उजवीकडे हलवायला लावले. पंप गप्प. मग इंजिन चालू करून हादरे दिले, पुन्हा बंद केले. पंप गप्प. शेठना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला लावले. ते वजनदार गृहस्थ आहेत. तरी पंप गप्प.

"काका, मी आजून किती खेपा घालू?"

"पुरे. बसा."

साडेबारा झाले. कांताबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बैठकीतून स्वयंपाकघरात जायच्या दाराच्या वरच्या कोपऱ्याला, बैठकीच्या अंगाला एक पितळी घंटा टांगलेली होती. दिवाळीच्या सुमारास शेठने ती आष्टीच्या बाजारातून हौसेने आणली होती. जेवण तयार झाले की पाहुण्यांना बोलवायला. कांताबाईंनी सवयीने दोरी तीनदा ओढली आणि म्हणाल्या, "चला, ताटं वाढली."

पंप घुर्रर्र करून जागा झाला. दोन श्वासांएवढा चालला आणि थांबला.

सर्व तोट्या बंद होत्या.

"कांताबाई," मी म्हणालो, "पुन्हा वाजवा."

"ताटं वाढली म्हटलं ना."

"वाजवा."

त्यांनी वाजवली. पंप जागा झाला. मी त्यांना थांबायला सांगितले, पंप थांबला. पुन्हा वाजवा. पुन्हा जागा. असे सात-आठ वेळा झाले. मोहनशेठ ताटासमोर बसून होते. त्यांनी एकदा भाकरीला हात लावला. मी त्यांच्याकडे पाहिल्यावर काढून घेतला.

"काका, इतक्या घंटीत देवळातली आरती होऊन प्रसाद भेटते," ते म्हणाले. "इथं जेवण तरी भेटू द्या."

"जेवा," मी म्हणालो. "सापडले."

आदल्या दिवशी पाहुण्यांची पोट्टी दिवसभर त्या दोरीला लोंबकळत होती, हे आता सगळ्यांना आठवले. प्रत्येक फेरीत हेच होत आले होते. बोट धक्क्याला लागली, पोरे उतरली, घंटा थांबली की गळतीही थांबे.

जेवणे होऊन बोट धक्क्यावर आल्यावर मी टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि दाराच्या बाजूची फळी काढली. दिवाळीला घंटा ज्या आयत्या खिळ्याला टांगली होती, तो तीन इंची खिळा फळीतून आरपार जाऊन मागच्या नळीच्या बरोबर मधोमध रुतला होता. नळीला भोक त्यानेच पाडले होते आणि बूचही तोच होता. स्थिर असला की भोक बंद. घंटेची दोरी ओढली की खिळा हलायचा, बारीक चिळकांडी उडायची आणि पाणी नळीच्या अंगाने खाली उतरून फळीमागून सरळ तळाशी जायचे. इतकी नेमकी गळती मी मुंबईत पाहिली नव्हती.

मोहनशेठ पुढे झाले. त्यांनी खिळ्याला बोट लावले. "हा खिळा कोणं ठोकला?"

"मीनं," देविदास म्हणाला. "दसऱ्याले. तोरणासाठी."

"पाहा! म्हंजे शेवटी तूच."

कांताबाई म्हणाल्या, "मी त्या दिवशी दीक्षाभूमीवर गेलती, नाईतर मी पाह्यलं असतं." एवढे बोलून त्या थांबल्या, कारण देविदास काहीच बोलत नव्हता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली घातली.

त्या नजरेने मला तो दसरा आठवला.

दसऱ्याला आमच्याकडे वाहनांची आणि हत्यारांची पूजा होते. दुकानाचा तराजू, ट्रॅक्टर, सायकल, सगळ्यांना झेंडूचा हार. त्या वर्षी शेठच्या घरी बोट होती. तिची पूजा करायची म्हणून मलाही मानाने बोलावले होते. शेठ पूजेच्या ताटात गुंतले होते. मी बैठकीत खुर्चीवर बसलो होतो. हातात काठी, खिशात आपट्याची पाने. देविदास स्टुलावर चढला होता. एका हातात झेंडू आणि आंब्याच्या पानांचे तोरण, दुसऱ्या हातात हातोडी. दाराच्या डाव्या कोपऱ्यात त्याने एक खिळा ठोकला होता. उजव्या कोपऱ्याला खिळा लावून तो थांबला आणि मागे वळून म्हणाला, "काका, इथं ठोकू का? मांगून पाइप तर नाई ना?"

त्याने विचारले होते. बोटीवर खिळा ठोकण्यापूर्वी विचारणारी माणसे मी हाताच्या बोटांवर मोजू शकतो. आणि मी, खुर्चीतून न उठता, काठीने तीच जागा दाखवून म्हणालो होतो, "तिथे काही नाही. बिनधास्त ठोक."

तिथे काही नाही, हे नकाशाप्रमाणे खरे होते. नकाशात नळी दाराच्या उंबऱ्याखालून जाते. पण उंबरा त्यामुळे इतका उंच झाला असता की ताट घेऊन जाणारा अडखळला असता. म्हणून कामाच्या शेवटच्या दिवशी मी नळी वळवून दाराच्या उजव्या बाजूने वर, चौकटीवरून पलीकडे, अशी फिरवली होती. ती माझ्या हातांनी. मग कांताबाईंनी चहा आणला. मी चहा घेतला. नकाशा बदलला नाही.

लेख लिहिताना हे सोडून देता आले असते. त्या दिवशी बोटीवर तर अधिक सोपे होते. देविदास बोलणार नव्हता. वडीलधाऱ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवायची नाही, हे त्याच्या घरचे वळण. त्यापायी तो काम गमवायलाही तयार झाला होता, असे मला वाटते. मुंबईत राहून तुमची बोली गेली, असे घरचे मला म्हणतात. त्या वेळी मात्र जे निघाले ते पुलगावचेच निघाले.

"शेठ, जागा मीनं दाखवली."

"काय म्हणता?"

"त्यानं इचारलं होतं, मांगं पाइप आहे का. मीनं नाई म्हणून सांगतलं. पाइप मीच फिरवला होता अन् मीच इसरलो. बोट त्यानं फोडली नाई. पाइप माह्यामुळं फुटला."

मोहनशेठनी माझ्याकडे, मग खिळ्याकडे, मग देविदासकडे पाहिले. मग ते खाली बसले आणि हसू लागले. वजनदार माणूस हसला की बोट थोडी हलते. घंटा आपोआप एकदा वाजली.

"म्हंजे काका, तुमीनंच पाइप बसवला, तुमीनंच फोडला अन् तुमीनंच शोधला?"

"होय."

"अन् मी भंडाऱ्याच्या माणसाले येजो म्हणणार होतो!" ते देविदासकडे वळले. "काऊन बे, तू काही बोलला काऊन नाई?"

"कायले बोलू," देविदास म्हणाला. "काकाले आठवनच, मालूम होतं."

त्याला ते खरोखरच माहीत होते की नाही, हे मी विचारलेले नाही. विचारणारही नाही. शेठने त्याच जागी भंडाऱ्याला फोन लावला आणि आता दुसरा माणूस नको असे सांगितले. कांताबाईंनी सगळ्यांना चहा दिला. मी माझा पेला बाजूला ठेवला, पेटीतून नकाशा काढला, उंबऱ्याखालची रेघ खोडली आणि दाराभोवतीची रेघ काढली. चहा गार झाला. गार प्यायलो.

त्यानंतर दोन दिवस राहून नळीचा तुकडा बदलला. जाण्यापूर्वी आणखी एक काम केले, जे मुंबईत मी कधी करू दिले नसते, कारण ते दिसायला बरे नाही. फळीमागे जिथून जिथून नळी जाते, तिथे तिथे फळीवर बाहेरून निळ्या रंगाची रेघ मारली. शेठला वाटले की पाहुणे नावे ठेवतील. आता ते पाहुण्यांना सांगतात की ही खास बोटींची नक्षी आहे. घंटा दुसऱ्या बाजूला एका खांबावर गेली. कांताबाई आता टाकीतले पाणी प्यायला आणि धरणाचे दाळीला, असे उघडपणे वापरतात. बोअरची पाटी शेठने काढलेली नाही, पण ती थोडी वाकडी झाली आहे आणि सरळ करायची कोणाला घाई नाही.

आता उशिराचे कारण.

यंदा दसऱ्याला मला पुन्हा बोलावले होते. मी जाईन की नाही, हे मला शेवटपर्यंत ठरवता येत नव्हते. आणि गेलो नसतो तर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नसता. गेलो. कांताबाई नेहमीप्रमाणे नागपूरला गेल्या होत्या, जाताना दाळ शिजवून ठेवून. शेठ पूजेच्या ताटात गुंतले होते. देविदास तोरण घेऊन आला. बरोबर स्टूल, हातोडी आणि दोन खिळे.

तो म्हणाला, "काका, कुठं ठोकू?"

मी खुर्चीतून उठलो. काठी कोपऱ्यात ठेवली. त्याच्या हातातली हातोडी घेतली आणि म्हणालो, "तू दाखव."

त्याने निळी रेघ पाहिली. खिशातून घडी केलेला नकाशा काढला. मी दिलेली प्रत त्याने जपून ठेवली होती. तो उलगडून रेघेशी ताडून पाहिला. मग चौकटीच्या वर, रेघेपासून चांगले वीतभर दूर बोट टेकवून म्हणाला, "इथं."

त्याने स्टूल धरून ठेवले. खिळा मी ठोकला.

मग दोघेही काही वेळ कान देऊन उभे राहिलो. पंप गप्प होता.